पुड्या बांधणारा

सक्करदरा, नागपूर
दि. ६ एप्रिल २०२५

ताई,

नमस्कार. तुझा भिलाईचा पत्ता आईच्या मसाल्याच्या डब्याखालच्या चिठ्ठीवरून घेतला आहे. पिनकोड दोनदा तपासला.

तुझा रक्तगट बाबांशी जुळला आणि पहिल्या तपासण्या ठीक आल्या, हे आईनं मला सांगितलं. कुकरची शिट्टी होत असताना सांगितलं, म्हणजे बाबांना ऐकू जाऊ नये. तुझं नाव घरात अजून शिट्टीआडच घेतात. मी फोन करायला हवा होता. पण फोन बाबांच्या खाटेजवळ चार्जिंगला असतो आणि साडेसहा वर्षांनी तुझ्याशी बोलताना मला काय सुचेल याची खात्री नाही. लिहिताना खोडता येतं. हे पत्र आधी कच्चं लिहिलं, आता पक्कं करतो आहे.

किडनी द्यायची तर तुला इथली स्थिती माहीत असायला हवी, म्हणून क्रमानं लिहितो.

डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी, दीड वर्षापासून. त्यासाठी डाव्या हाताची शीर ऑपरेशननं जोडून फुगवली आहे. त्या हातावर तळवा ठेवला तर आत थरथर लागते. बाबा म्हणतात, "कामठीचा माग हातात येऊन बसला गा." कामावर असते तर अजून दहा वर्षं पॉवरलूमच चालवला असता. पाणी दिवसाला एक लिटर. त्यात चहा, वरण, गोळीसोबतचा घोट सगळं आलं. मी बाटलीवर मार्करनं दहा रेघा मारल्या आहेत. चहा दिला की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकायचं, म्हणजे हिशेब चुकत नाही. आईला ते पाणी ओतणं पाहवत नाही. ती तुळशीला घालते.

दुखण्याचं तुला आईनं सांगितलं नसेल. पायाची हाडं दुखतात, पोटऱ्यांना गोळे येतात, कातडी खाजते. बाबा ओरडत नाहीत. उशीचा कोपरा तोंडात धरतात. आतापर्यंत तीन अभ्रे फाटले. साधी दुखण्याची गोळी या आजारात चालत नाही. पॅरासिटामॉल चालतं, त्यानं भागत नाही. डॉक्टरीणबाईंनी दुसरी एक जोरदार गोळी दिली होती, तिनं दिवसभर उलट्या झाल्या.

आता जे लिहितो ते वाचून हे पत्र फाडून टाक. दिवाळीपासून बाबा गांजा घेतात.

ओढत नाहीत. पिंटू आणून देतो, तोच, कामठी लाइनवर ऑटो चालवायचा आणि तुला शाळेत सोडायचा तो. चहाच्या पुड्यात पाला आणतो. फोनवर यातलं काही लिहायचं नाही असं त्यानं मला बजावलं आहे. पहिल्यांदा आणला तेव्हा मी विचारलं, शुद्ध आहे का, किती जुना आहे, कुठं ठेवला होता. तो म्हणाला, "मेडिकलवाला आहे न बे तू? पक्कं बिल फाडू काय?"

आहारवाल्या बाईंनी आईला शिकवलं होतं की पालेभाजी बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकायचं, मगच किडनीच्या पेशंटला द्यायची, नाहीतर पोटॅशियम वाढून हृदय बंद पडतं. आईनं गांजाही तसाच दोन पाणी काढून उकळला. मी म्हटलं, हे भाजीचं आहे. ती म्हणाली, "पालक असो का गांजा, पाला तो पालाच न गा." मग वाळवून, तुपात परतून, वाटून बारक्या गोळ्या करते. मी त्या एकसारख्या कापतो आणि एकेक कागदाच्या पुडीत बांधून वर तारीख घालतो. संध्याकाळी एक. त्यानं दुखणं जात नाही. बाबा म्हणतात, "दुखते, पण शेजारच्या घरी दुखून राहिलं असं वाटते." चार-पाच तास झोपतात.

मला भीती वाटते. पकडलं जाण्याची आहेच, पण तीच एक नाही.

आई म्हणाली, तू तिला म्हणालीस, "माझ्यानंच बाबाची किडनी गेली, मीच भरून देते." यावर मला काही लिहायचं होतं. कच्च्यात लिहिलं होतं. पक्क्यात राहू दिलं नाही.

चिन्मयीला आशीर्वाद. ती चार वर्षांची झाली, हे मी मोजून काढलं.

तुझा भाऊ,
गोलू

*

नागपूर
दि. ४ मे २०२५

ताई,

तुझं उत्तर नाही, हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. जावई संमतीच्या सहीला तयार आहेत एवढं आईकडून कळलं. ते भले माणूस आहेत. माझं हे मत आधीही होतं, मी ते बोललो नव्हतो.

मागच्या मंगळवारी बाबा मरता मरता राहिले. तुला कोणी दुसरं काही सांगण्याआधी खरं लिहितो.

गांज्यानं घसा कोरडा पडतो. हे मला माहीत होतं आणि मी त्यासाठी एक रेघ रोज राखून ठेवायचो. पण सोमवारी पाय फार दुखले म्हणून बाबांनी दुसरी पुडी मागितली आणि मी दिली. मंगळवारचीही दुपारीच मागून घेतली. ऊन पंचेचाळीसच्या पुढे होतं. मी दुकानात होतो. (मी आता मेडिकल स्टोअरमध्ये नाही. फ्लेक्सच्या दुकानात टाइप करतो, वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे बॅनर. पगार बरा आहे म्हणून बदललं, असं तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं.) आई वरच्या नळावर गेली होती. बाटली तिनं कपाटात ठेवली होती, पण कूलरमध्ये ओतायला भरलेली बादली दारातच होती. बाबांनी लोटा बुडवून बुडवून ती प्याली. आई आली तेव्हा बादली अर्धी होती आणि बाबा भिंतीला टेकून माशासारखे तोंड उघडत होते. ते पाणी छातीत भरलं होतं.

पिंटूच्या ऑटोत नेलं. सिग्नल एकही पाळला नाही त्यानं. तातडीनं डायलिसिस करून तीन लिटरच्या वर पाणी काढलं.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून विचारलं, "एवढी तहान कशी लागली? काय देता त्यांना?" मी सांगितलं. किती, केव्हापासून, कसा उकळून, सगळं. खिशात पुड्यांच्या नोंदीची वही होती, ती दाखवली. त्यांनी वही वाचली. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "दुखतं म्हणून देता, ते मला समजतं. पण हा गुन्हा आहे, मी हो म्हणू शकत नाही. आणि आता ट्रान्सप्लांट आहे. नवी किडनी टिकवायच्या गोळ्यांशी याचं जमत नाही. आजपासून पूर्ण बंद. महिनाभरानं तपासू, लघवी होत नाही म्हणून रक्तात. त्यात निघालं तर मी फाइल पुढे पाठवणार नाही."

म्हणून बंद केलं. उरलेल्या अकरा पुड्या मी मोजून पिंटूला परत दिल्या. तो म्हणाला, "अबे, हे परत घ्यायचं दुकान आहे काय?"

आज पाचवा दिवस. बाबा पाय भिंतीवर आपटतात. शेजारच्या मीराबाईंनी विचारलं, खिळे ठोकून राहिले काय. आई म्हणाली, हो. मी दुकानातून आलो की बाबांचे पाय मांडीवर घेऊन दाबत बसतो. काल त्यांनी विचारलं, "किती दिवस राहिले?" सव्वीस म्हटलं. म्हणाले, "पोरीची किडनी आहे. दम काढतो." पोरीची म्हणाले. नाव घेतलं नाही, पण शिट्टीशिवाय म्हणाले.

त्या सोमवारी, दुसरी पुडी घेतल्यावर, बाबा बरंच बोलले होते. ते आज लिहीत नाही.

ट्रान्सप्लांटच्या मंजुरीची मुलाखत १० जूनला आहे, मंगळवारी, सकाळी अकराला. दाता आपल्या मर्जीनं देतो की कोणाच्या दबावानं, हे तिथं तुला एकटीला विचारतील. तू काय सांगशील, याचा मी पुष्कळ विचार करतो.

गोलू

*

नागपूर
दि. २५ मे २०२५

ताई,

हे पत्र मी कच्चं लिहिलेलं नाही. खोडलेलं दिसेल. तसंच पाठवतो.

बाबांची किडनी तुझ्यामुळे गेलेली नाही. ती गोळ्यांनी गेली. त्या गोळ्या मी आणून देत होतो.

तुला आठवत असेल, दहावीत शाळा सुटल्यावर मी वसंतकाकांच्या मेडिकलमध्ये लागलो. बाबा बारा बारा तास मागावर उभे राहून यायचे आणि ओट्यावर पालथे पडायचे, तू कंबरेवर पाय द्यायचीस. मी दुकानातून दुखण्याच्या सुट्या गोळ्या आणायला लागलो. गोळ्यांच्या कापलेल्या पट्ट्यांमधल्या उरलेल्या, कागदाच्या पुडीत बांधून. चिठ्ठी नव्हती. काकांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "चार-पाच दिवस दे, जास्त नको." मी बाबांना तसं सांगितलं. बाबा म्हणाले, "त्याले काय जाते सांगायले? त्याले उभं राह्य म्हणा मागावर." रोज एक होती, मग दोन, मग तीन. चार वर्षं. बाबा रिकाम्या पोटी दोन गोळ्या चहाबरोबर घेऊन कामठीच्या ऑटोत बसायचे आणि मला म्हणायचे, "माह्या घरचा डाक्टर." मला ते आवडायचं. मी दहावी नापास, आणि मला कोणी डॉक्टर म्हणत होतं.

आता हे आठव. तू ठरलेलं लग्न सोडून जावयांबरोबर गेलीस, ते नोव्हेंबरमध्ये. त्याच्या आधीच्या पोळ्याला बाबांच्या पायावर सूज होती. चप्पल चढत नव्हती म्हणून ते अनवाणी बैल पाहायला गेले, आणि तूच म्हणाली होतीस की डोळ्यांखाली पण फुगलं आहे. तेव्हा तू घरात होतीस. तुझ्या साखरपुड्याची सुपारीसुद्धा फुटली नव्हती. मोडायला काही नव्हतंच.

पुढच्या जूनमध्ये बाबांना मोठ्या दवाखान्यात नेलं. पहिल्या कागदावर डॉक्टरीणबाईंनी इंग्रजीत कारण लिहिलं होतं. घरात इंग्रजी कोणाला वाचता येत नाही, पण चार वर्षं मी औषधांचीच नावं वाचत होतो. वेदनाशामक गोळ्यांमुळे झालेला आजार, असं होतं. मी तो कागद घडी घालून शर्टाच्या आत ठेवला. दुसऱ्या दिवशी मेडिकलची नोकरी सोडली. त्याच आठवड्यात महादेवराव मामा भेटायला आले. बाबा त्यांना म्हणाले, "पोरीनं ठरलेलं लग्न मोडलं, टेन्शननं बीपी वाढला, बीपीनं किडनी खाल्ली." मी तिथंच पाण्याचा ग्लास घेऊन उभा होतो. ग्लास मामांना दिला आणि आत गेलो. नंतर सगळे तेच म्हणायला लागले. मग तूही.

मला इतकी वर्षं वाटत होतं की बाबांना खरं माहीत नाही. ते फक्त मला आणि त्या कागदाला माहीत आहे. आता त्या सोमवारचं सांगतो.

दुसरी पुडी घेतल्यावर बाबा हसायला लागले. म्हणाले, "गोलू, तू मले लहानपणापासून पुड्याच बांधून देतो गा. पयले त्या, आता ह्या."



"त्याच पुड्यांनी गेली न किडनी. मले डाक्टरीनबाईनं पयल्याच दिवशी सांगतलं होतं. तू कागद लपवून राहिला होता तवा माह्या पोटात हसू येऊन राहिलं होतं."

मी विचारलं, "मग ताईचं नाव काहून घेतलं?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "ती तर गेलीच होती. तुह्यं नाव घेतलं असतं तर तू बी घरात राहिला नसता. फास लावला असता तू, मले माहीत नाही काय तुहा स्वभाव? एक लेकरू गेलं होतं. जे गेलं, त्याच्यावरच टाकलं." आणि मग, "मले रागही होता तिचा. खोटं कायले बोलू."

ताई, म्हणजे तुझ्यावरचा आरोप माझ्यासाठी होता. साडेसहा वर्षं मी तुझ्या जागी या घरात जेवलो.

हे पत्र न टाकण्याची कारणं मी मनात मांडून पाहिली. तू आली नाहीस तर बाबांना किडनी नाही. आईला साखर आहे. माझ्या स्वतःच्या लघवीत प्रोटीन निघालं, म्हणून मला नाही म्हणाले. हे तुला कोणी सांगितलं नसेल. माझीच पहिली तपासली होती. डॉक्टरीणबाई म्हणतात, बाबांचं हृदय थकलं आहे, डायलिसिसवर दोन वर्षं, फार तर तीन. मी गप्प राहिलो तर ते वाचतात आणि तुला काहीच कळत नाही. तू स्वतःला माफ करशील, ते इकडे तुला घरात घेतील, चिन्मयीला मांडीवर घेतील, सगळं गोड होईल. पण तू ऑपरेशनच्या टेबलावर झोपशील ती मी लपवलेल्या कागदामुळे. आणि पुढे तुला काही झालं, तर ती माझी तिसरी पुडी असेल.

तो कागद सोबत जोडला आहे. मूळच आहे, झेरॉक्स नाही. घड्यांवर फाटला आहे, जपून उघड. तिथल्या कोणत्याही डॉक्टरला दाखव.

बाबांना मी आज दुपारी सांगितलं की तुला सगळं लिहितो आहे. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळानं म्हणाले, "पंधरा दिवस थांबला असता तर काय झालं असतं बे?" मी म्हटलं, मला राहवलं नाही. म्हणाले, "तुले कधीच राहवत नाही. मले दुखलं का तुले राहवत नाही, तिले दुखलं का तुले राहवत नाही. म्हणून तर मेलो." आणि पाय माझ्या मांडीवर ठेवले.

पायांची अवस्था लिहीत नाही. लिहिली तर तो दबाव होईल.

ये किंवा येऊ नको. दोन्हींपैकी कशासाठीही मी तुला विनंती करणार नाही.

गोलू

*

नागपूर
दि. ११ जून २०२५

ताई,

स्पीड पोस्टची पावती माझ्याजवळ आहे. ३० मेला तुझ्या सहीनं मिळालं, असं मोबाईलवर दिसतं. म्हणजे तू वाचलंस.

काल मुलाखतीच्या ठिकाणी काय झालं, ते तुला कळावं म्हणून लिहितो. यात जाब विचारणं नाही.

बाबांच्या रक्ताची तपासणी चांगली आली होती. काही निघालं नाही. बेचाळीस दिवस त्यांनी काढले होते. सकाळी त्यांनी पांढरा शर्ट मागितला, जो आता खांद्यावरून घसरतो. आईनं दाढी करून दिली. आईला तुला लिहिलेल्या पत्राचं मी सांगितलं नव्हतं, बाबांनी सांगितलं.  तरी तिनं डबा चार माणसांचा केला.

साडेदहाला पोचलो. खिडकी क्रमांक तीनसमोर बाक आहे. बाबा दाराकडे तोंड करून बसले. कोणी तुझ्या वयाची आली की आई उठायची आणि बसायची. अकराला नाव पुकारलं. बाराला पुन्हा. बाबांनी बाटलीत उरलेल्या सहा रेघांपैकी एकही रेघ पाणी प्यायलं नाही. म्हणाले, ती प्रवासातून येईल, तिले लागेल.

पावणेदोनला खिडकीतल्या माणसानं तिसऱ्यांदा विचारलं, "रामाजी धकाते, डोनर आली का?" मी उठत होतो. बाबांनी माझा खांदा दाबून मला बसवलं आणि स्वतः गेले. भिंत धरत गेले. मी मागे जाऊन उभा राहिलो.

"नाही आली," बाबा म्हणाले.

"येणार आहे का? फोन करा न तिले काका. साहेब निघून राहिले."

"येणार नाही. तिच्यानं काही झालं नव्हतं. मी खोटं घातलं तिच्यावर."

"काय?"

"किडनी माह्या कर्मानं गेली. पोरगी चांगली आहे. तसं लिहा."

त्या माणसामागे लाइन लागली होती. तो वाईट नव्हता. म्हणाला, "काका, माह्याजवळ तसा रकाना नाही. हजर का गैरहजर, एवढंच आहे." त्यानं गैरहजर लिहिलं, शिक्का मारला आणि फाइल माझ्या हातात दिली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मेलेल्या माणसाची किडनी मिळण्याच्या यादीत नाव घालू. पण त्यासाठीही गांजा बंदच ठेवावा लागेल, केव्हाही बोलावणं येऊ शकतं. बाबांनी विचारलं, किती वर्षं. त्यांनी खरं सांगितलं. बाबा म्हणाले, "तेवढी वर्षं नाहीत बाई माह्याजवळ. जेवढे दिवस आहेत, त्यात हे पाय दुखणं नको."

बाईंनी पेन खाली ठेवलं. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

परत येताना चार माणसांचा डबा पिंटूच्या ऑटोत तसाच होता. सक्करदऱ्याच्या तलावापाशी बाबांनी ऑटो थांबवायला लावला आणि पिंटूला जेव म्हणाले. तो जेवला. 

संध्याकाळी आईनं पुन्हा पाला चिरला. दोन पाणी काढलं. मी पुड्या बांधल्या. आता रोजची एकच, आणि ती माझ्यासमोर. कूलरची बादली दोरीनं वर बांधून ठेवली आहे. माझ्याकडून गोळ्या लहान-मोठ्या कापल्या गेल्या. बाबांनी मोठी उचलली. त्यांना कळतं.

ताई, तू आली नाहीस ते चांगलं केलंस की वाईट, हे मी ठरवायचं नाही. तू आली असतीस तर बाबा ते खिडकीत बोलले नसते, आणि कदाचित जगले असते. मी दोन्ही बाजू पुष्कळ वेळा लिहून पाहिल्या. बेरीज होत नाही.

आणखी पत्र लिहून तुला त्रास देणार नाही. बाबांचं काही झालं तर एक ओळ कळवीन. तेव्हाही येणं तुझ्या मर्जीनं.

त्या माणसाजवळ रकाना नव्हता, म्हणून खालचं मी लिहून ठेवतो. जपून ठेव. उद्या कोणी चिन्मयीला तुझ्याबद्दल काही सांगितलं, तर दाखवायला होईल.

मंगळवार, दि. १० जून २०२५, दुपारी पावणेदोन, खिडकी क्रमांक तीन. रामाजी धकाते, वय एकसष्ट, शुद्धीवर असताना, बेचाळीस दिवसांपासून कोणतीही नशा न करता, आपल्या मोठ्या मुलीविषयी म्हणाले: "तिच्यानं काही झालं नव्हतं. मी खोटं घातलं तिच्यावर."

ऐकणारा, आणि गोळ्या आणून देणारा,

गोलू रामाजी धकाते